रबर मॅडमचा हातमोजा

रबर मॅडमच्या हाती आलेली कुठलीही मऊ वस्तू सुखानं राहत नसे. दोन्ही टोकं चिमटीत धरून त्या ती डोळ्यांसमोर नेत आणि हळूहळू ओढू लागत. संशोधक विद्यार्थी म्हणून मी मुलाखतीला गेलो, तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि फाइलचं इलास्टिक हातात घेतलं. "ह्ये किती ताणलं की तुटंल?" त्यांनी विचारलं. मी खूप वाचून गेलो होतो, पण इलास्टिकविषयी काही वाचलं नव्हतं. मी म्हणालो, "सांगता येणार नाही." "मग बघू या की," असं म्हणून त्यांनी ते माझ्यासमोर ओढत नेऊन तोडलं. तुटलेला तुकडा त्यांच्या नाकावर बसला. मॅडम नाक चोळत म्हणाल्या, "सांगता येत न्हाय म्हणालास ते बरं केलंस. आधीच्यानं आकडा सांगितलाता." माझी निवड झाली.

त्यानंतर विद्यापीठातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी जी वर्षं काढली, त्यांत त्यांनी ओढून पाहिलेल्या वस्तू आठवू लागलो की मला शोकसभेतही हसू येतं. परवा आलंच. लग्नाच्या पंगतीत त्यांनी पुरणपोळीची कणीक ओढून पाहिली होती आणि आचाऱ्याला तेल वाढवायला सांगितलं होतं. एसटीत कंडक्टरच्या नोटांचं रबर ओढलं होतं. विभागप्रमुखांच्या नातवाचा गाल ओढला होता, तोही मोजूनमापून, दोन्ही बाजूंनी सारखा. खरवस मात्र त्यांना आवडत नसे. "नुसता हलतो, ताणत न्हाय," ही त्यांची तक्रार. रबर मॅडम हे नाव पोरांनी कधी पाडलं ते ठाऊक नाही, पण ते त्यांना माहीत होतं आणि त्यावर त्यांची हरकत शास्त्रीय होती. "रबर काय म्हणतासा? रबरातनं करंट जात न्हाय. एम्मेस्सीला आलाय, एवढं तरी कळाय पायजे."

करंट जाईल आणि ताणेलही, अशी वस्तू बनवणं हेच त्यांचं काम होतं. आमच्या प्रयोगशाळेत मऊ, पारदर्शक, बोटाला किंचित चिकटणाऱ्या जेलच्या पट्ट्या तयार होत. आधी सगळे पाण्यावर आधारलेलं जेल करत. त्यातून वीज जायची, ते ताणायचंही, पण कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये दुपारपर्यंत वाळून पापडासारखं व्हायचं. मॅडम पाण्याच्या जागी आयनिक द्रव वापरत. हे एक प्रकारचं मीठच, पण खोलीतल्या साध्या तापमानालाही पातळ असणारं आणि वाफ होऊन उडून न जाणारं. तो द्रव एका मऊ जाळीत अडकवायचा, दोन काचांमध्ये ओतायचा, वरून अतिनील दिवा धरायचा. काच उघडली की पट्टी निघे. पट्टी ताणली की लांब आणि बारीक होई, वीज जायला वाट अवघड होई, आणि तेवढ्यावरून ती किती ताणली गेली हे मोबाइलवर दिसे. बोटावर लावली तर बोट किती वाकलं तेही कळे. नव्या विद्यार्थ्याला मॅडम हे सगळं एका दमात सांगत आणि शेवटी म्हणत, "मधाचं पोळं हाय असं समज. फकस्त ह्यातला मध गळत न्हाय आणि पोळं तुटत न्हाय. तुटलं तर तू नीट केलं न्हाईस."

त्या बोलत अस्सल कोल्हापुरी. 'मी येते, मी जाते' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. 'मी येतो, मी जातो, मी बघितलो' हेच. परदेशातल्या परिषदेत त्यांचं इंग्रजी स्वच्छ असे, पण उपकरण बिघडलं की त्या त्याच्याशी मराठीतच भांडत. मी फारसा बोलत नसे, कोपऱ्यात बसून शोधनिबंध वाचत असे, म्हणून त्यांनी माझं नाव वाचनालय ठेवलं होतं. सकाळी दारातून आवाज यायचा, "काय वाचनालय, उघडलंय काय आज?" मी मान हलवायचो. "आत शांतता राखा," असं म्हणत त्या आत येत आणि पुढचा तासभर स्वतःच गोंगाट करत.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. विद्यापीठाजवळ एकट्याच राहत. त्यांचं घर म्हणजे शिवाजी पेठेतलं भावाचं घर. अण्णा त्यांच्यापेक्षा बरेच मोठे. घरामागं गोठा, गोठ्यात शेवंती नावाची एकच म्हैस. रोज संध्याकाळी अण्णा शेवंतीला घेऊन दूधकट्ट्यावर जात, गिऱ्हाइकासमोर धार काढत आणि फेसाळलेला पेला हातात देत. मॅडमना ते 'बारके' म्हणत. मॅडम पन्नाशी ओलांडून, डॉक्टरेट घेऊन, चष्म्याचा नंबर वाढवूनही त्या घरात बारकीच होत्या. अण्णांच्या धारेवर त्यांचं एक व्याख्यानच होतं. "आंगठा मुडपून वढतो तो अडाणी. अण्णा मुठीनं काढतो. वरनं खाली एकेक बोट मिटत येतं, पेटीवाल्यागत."

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं, बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच पडून राही. आणि शेवंतीला दुसऱ्याचा हात चालेना. वहिनींनी धार काढायला घेतली, तर ती पान्हा चोरू लागली. अर्धं दूध वर ठेवायची, पाय झाडायची, एकदा तिनं चरवी थेट गल्लीत उडवली. असंच चाललं तर दूध आटणार हे कुणी सांगायला नको होतं. कागलकडचा एक व्यापारी येऊन शेवंतीला बघून गेला आणि दसरा झाला की न्यायचं ठरलं. वहिनी काही वाईट बाई नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत आणि गोठा त्यांच्या एकटीच्या अंगावर पडला होता. अण्णांनी गोठ्याकडं तोंड करून बसायचं सोडलं.

मॅडमनी हे ऐकलं आणि प्रयोगशाळेतलं बाकी सगळं काम बाजूला ठेवलं. व्यायाम शिकवणारे डॉक्टर सकाळ-संध्याकाळ चेंडूवर बोटं मिटायला सांगून गेले होते. "करतो म्हणतोय, पण करतोय का न्हाय कुणाला ठावं?" म्हणून त्यांनी सुती हातमोजा आणला आणि त्याच्या प्रत्येक बोटावर जेलची पट्टी शिवली. आयनिक द्रव अंगाला लागू नये म्हणून प्रत्येक पट्टीला सिलिकॉनचं पातळ कातडं घातलं. मोजा अण्णांच्या मोबाइलशी बोलणार, मोबाइल आमच्या संगणकाशी. बोट वाकलं की पडद्यावर टेकडी उमटणार. मोजा घालायच्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "पावणं, तुमच्या मॅडमनं लहानपणी माझ्या बनियनचं सगळं इलास्टिक असंच वढून ढिलं केलंतं. आता बोटावर आलीया."

पहिले काही आठवडे पडद्यावर सपाट रेघ होती. मॅडम रोज सकाळी फोन करत, "अण्णा, आज किती आलं?" तिकडून काय उत्तर येई ते ऐकू येत नसे, पण फोन ठेवल्यावर त्या हाताशी येईल ती वस्तू घेऊन ओढत बसत. एका आठवड्यात माझी तीन पेनं गेली.

आणि एका दुपारी टेकड्या आल्या. एकामागून एक, सारख्या उंचीच्या, सुबक. मग थोडी सपाट जागा. मग एक बारीकसा हिसका, आणि पुन्हा टेकड्यांची रांग. मॅडम खुर्चीवरून उठल्या, परत बसल्या, परत उठल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी अधिक वेळ. "शिस्त बघ गड्याची. मधी थांबतो, दम घेतो, परत सुरू करतो." विभागात पेढे वाटले. शिपायापासून कुलसचिवांच्या कार्यालयापर्यंत सगळ्यांना अण्णांचं चौथं बोट कसं चाललंय हे माहीत झालं. एरवी जिन्यावरून जपून उतरणाऱ्या ह्या बाई त्या आठवड्यात दोन-दोन पायऱ्या सोडून उतरत होत्या.

त्याच सुमारास कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्याची माणसं पट्ट्या बघायला आली. कामगारांच्या हातमोज्यात त्या वापरता येतील का, हे त्यांना पाहायचं होतं. मॅडमनी छोट्या सभागृहात अण्णांचा आलेख लावला आणि बोलायला सुरुवात केली. चार वाक्यांत पट्टी संपली आणि मग अर्धा तास अण्णाच. पाहुण्यांतले एक वयस्कर अभियंते पुढं सरकून पडद्याकडं बघत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"मॅडम, एक इचारू काय? राग मानू नका."

"इचारा की."

"पेशंट दुपारी झोपतो काय?"

"झोपतो. जेवला की आडवा. का?"

"न्हाय, म्हणजे आलेख नेमका दुपारीच जोरात चाललाय. आमच्यात घरी म्हशी हायत." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "मॅडम, ह्ये रवंथ हाय."

मग आमचे विभागप्रमुख, ज्यांचं बालपण गोठ्यात गेलं होतं आणि जे ही गोष्ट सहसा कुणाला सांगत नसत, ते उठून पडद्याजवळ गेले. टेकड्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "खरं की. हितं चावून झालं. हितं गोळा खाली गेला. आणि ह्यो हिसका म्हणजे दुसरा वर आला." त्या खोलीत गुराढोरांच्या घरातून न आलेला माणूस शोधूनही सापडला नसता. एकदा सांगितल्यावर सगळ्यांना तो आलेख नुसता दिसेना, त्यातली म्हैसच दिसू लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "डाव्या दाढंनं खातीया बघा." तिथं सगळे फुटले.

मी मॅडमकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्या टेबलाला धरून खाली बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं डोळे पुसावे लागले. तरी त्याच अवस्थेत त्यांनी मला हाताने खुणावलं, "फोन लाव आधी. म्हशीनं खाल्लं न्हाय न्हवं काही, इचार." मी बाहेर जाऊन वहिनींना फोन लावला. शेवंती ठणठणीत होती. मी आत आलो तेव्हा ते अभियंते पट्टी उलटसुलट करून बघत म्हणत होते, "लाळ, शेण, ऊन, दुपारभर चावणं. एवढं करून जेल वाळलं न्हाय? आमच्या कारखान्यात असली चाचणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं." पुढं ह्या चाचणीचा निबंध छापला गेला. इतकी कल्पक पद्धत कशी सुचली, असं तपासणाऱ्यानं विचारलं होतं. मॅडमनी एका ओळीत कळवलं की ती भावाला सुचली.

पण ते नंतर. त्या दुपारी त्या मला स्कूटरवर मागं बसवून थेट शिवाजी पेठेत गेल्या. अण्णा ओटीवर बसले होते. मोजा हातात होता.

"अण्णा, मोज्याला वास कसला मारतोय?"

"औषधाचा."

"कडब्याचा मारतोय."

अण्णांनी वहिनींकडं बघितलं. "ही बोलली असणार."

"मी कशाला बोलू?" वहिनी आतून म्हणाल्या. "म्हसच बोलली असंल. मोबाइलवर सारखी तीच असती न्हवं."

जेवण झालं की अण्णा डाव्या हातानं मोजा शेवंतीच्या तोंडाला बांधलेल्या म्होरकीत, जबड्याखाली खोचत, मोबाइल खुंटीला अडकवत आणि झोपत. मॅडमना पुन्हा हसू फुटलं. अण्णाही हसले. मग हसता हसताच मॅडमनी विचारलं, "पण का केलास असं?"

अण्णा मोजा काढायचा प्रयत्न करत म्हणाले, "रोज सकाळी तुझा फोन. आज किती आलं? आणि हितं रोज भोपळा. मी जीव तोडून करायचो आणि भोपळा. न्हाय आलं म्हटलं की तू गप व्हायचीस. म्हटलं, माझा हात तर गेलाच. बारकीला तरी गोड वाटू दे."

परत आल्यावर मॅडम थेट प्रयोगशाळेत शिरल्या, खुर्ची ओढली आणि पहिल्या आठवड्यांच्या मूळ नोंदी उघडल्या. जेल उष्णतेनं, हाताच्या नाडीनंसुद्धा थोडं थरथरतं. तो थरथराट पडद्यावर दिसू नये म्हणून मॅडमनीच एक मर्यादा घातली होती. तिच्याखालचं सगळं शून्य. आता त्यांनी ती मर्यादा काढली आणि सपाट रेघ जवळ ओढून मोठी केली. तिच्यावर फुगवटे होते. मुंगीनं उकरलेल्या मातीच्या ढिगाएवढे. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, न चुकता, अगदी पहिल्या दिवसापासून.

"वाचनालय," त्या म्हणाल्या, "हिकडं ये. ह्ये बघ. हा बाबा रोज करत होता. आणि मीच त्याला भोपळा म्हणून सांगत होतो." त्या वेळी त्यांच्या हातात रबराची नळी होती, पण त्यांनी ती ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. मॅडमनी अण्णांना गोठ्यात, शेवंतीशेजारी बसवलं. मोजा चढवला, मोबाइल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "आता धार काढतोयस असं मनात आण." अण्णांनी डोळे मिटले. बोट हललेलं मला दिसलं नाही. पडद्यावर मात्र एक लहानशी टेकडी उठली आणि खाली बसली.

अण्णांनी डोळे उघडून ती बघितली. "ह्ये कोण? मी?"

"न्हाईतर काय. म्हस तिकडं बांधलीया, बघ की."

अण्णांनी पुन्हा केलं. पुन्हा टेकडी. मग ते लहान पोरागत करतच राहिले. वहिनी चहा घेऊन आल्या, तो गार झाला, आणि तरी ते मोबाइलवरची नजर काढेनात. त्या दिवसापासून मॅडमनी 'किती' विचारणं बंद केलं. त्या रोज संध्याकाळी स्वतः जाऊ लागल्या. व्यायाम चेंडूवर न करता गोठ्यातच होऊ लागला. अण्णांचा उजवा हात शेवंतीच्या सडाला, त्यावर वहिनींचा हात. ओळखीचा हात लागताच शेवंतीनं पाय झाडायचं सोडलं आणि दूध उतरू दिलं. अण्णांची मुंगीची टेकडी हळूहळू उंदराची झाली, मग मांजराची. ही मापं मॅडमची.

दसऱ्याच्या अलीकडं एका संध्याकाळी वहिनींनी आपला हात बाजूला घेतला. मी गोठ्याच्या दारात होतो आणि मॅडम चरवी धरून समोर उकिडव्या बसल्या होत्या. अण्णांची बोटं एकेक करत मिटली. शेवटचं बोट मागं राहिलं, म्हणून धार वाकडी गेली आणि थेट मॅडमच्या चष्म्यावर. त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. दूध गालावरून ओघळत असताना त्या मला सांगत होत्या, "बघितलास? पेटीवाल्यागत. सांगितलोतो का न्हाय तुला?" व्यापाऱ्याला वहिनींनीच फोन केला. "म्हस द्यायची न्हाय आता. मालक कामावर आल्यात."

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. वर्गात शिकवत होत्या, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एवढंच मला लिहिता येतं.

पंचगंगेवरून आम्ही परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. शिवाजी पेठेतलं ते घर माणसांनी भरलं होतं. विद्यार्थी, शिपाई, कट्ट्यावरची गिऱ्हाइकं, कागलचे ते अभियंतेसुद्धा. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मागून शेवंती हंबरायला लागली. धारेची वेळ टळून गेली होती आणि तिची कास दाटली होती. शेजारचे एक जण उठत म्हणाले, "अण्णा, तुम्ही बसा. आज मी काढतो." वहिनी रडत होत्या, तशाच म्हणाल्या, "तिला चालत न्हाय दुसऱ्याचा हात."

अण्णा उठले. भिंतीचा आधार घेत मागं गेले. मी चरवी घेऊन त्यांच्यामागं गेलो. हातात मोजा नव्हता. त्यांनी कास धुतली आणि डोकं शेवंतीच्या पोटाला टेकवलं. शेवंतीनं शेपटीचा एक फटका माझ्या तोंडावर मारला. मग धारेचा आवाज सुरू झाला. आधी तुटक, मधे थांबणारा, मग सलग. अण्णा रडत होते का ते मला दिसत नव्हतं, आणि मी तिकडं बघतही नव्हतो. मी चरवीत वर चढणाऱ्या फेसाकडं बघत होतो.

काढून झाल्यावर ते म्हणाले, "शेजारी द्या. एवढी माणसं आल्यात, सगळ्यास्नी चहा होऊ दे. धरा, सांडू नगा."

मी चरवी घेतली आणि सांभाळत निघालो. ती निम्म्याहून जास्त भरली होती, आणि अण्णांनी ती उजव्या हातानं उचलून माझ्याकडं दिली होती, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी शेजारच्यांच्या दारात उभा होतो.